ई-मेल कूटकिल्ल्यांचे स्थानांतरण

ई-मेल कूटकिल्ल्यांचे स्थानांतरण : ई-मेलने जाणारी पत्रे कूटबद्ध करण्यासाठी व त्यांची उकल करण्यासाठी लागणाऱ्या किल्ल्या एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे नेण्याची क्रिया. येथे किल्ली म्हणजे एक फार मोठी संख्या वा संख्यांचा संच असून तो संगणकात फाइलीच्या रूपात साठविलेला असतो. जुना संगणक बदलावयाचा असला किंवा घरी व कार्यालयात एकच टपालपेटी वापरावयाची असली, म्हणजे स्थानांतरणाचा प्रश्न उपस्थित होतो. साध्या ई-मेलच्या बाबतीत परवलीचा शब्द दिला की जुनी पत्रे नव्या संगणकावर वाचता येतात. कूटबद्ध पत्रे मात्र तेथे अर्थहीन अक्षरांच्या रांगा म्हणूनच दिसतात. कारण ई-मेल सेवा पुरविणाऱ्या संस्थेकडे केवळ कूटबद्ध मजकूर असतो, उकलीची किल्ली नसते. परवलीचा शब्द विसरला तर तो बदलून मिळतो. किल्ली हरवली तर तशी सोय नाही.

तत्त्व : १९७६ साली व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी जाहीर किल्लीच्या कूटलेखनाची कल्पना मांडली. रोनाल्ड रिव्हेस्ट, आदी शामिर व लेनर्ड ॲडलमन यांनी १९७७ मध्ये तिला व्यवहार्य गणिती रूप दिले. या पद्धतीत प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असते. जाहीर किल्ली कोणालाही देता येते व तिच्या साहाय्याने पत्र बंद करता येते; परंतु ते उघडण्याचे काम केवळ खाजगी किल्लीच करू शकते. स्वाक्षरीच्या बाबतीत क्रम उलट असतो : खाजगी किल्लीने स्वाक्षरी करावयाची व जाहीर किल्लीने ती पडताळावयाची. जाहीर किल्लीवरून खाजगी किल्ली काढणे, संख्या पुरेशा मोठ्या असल्यास, आजच्या संगणकांना व्यवहारतः अशक्य आहे.

पत्राचा मजकूर प्रत्यक्षात एका तात्पुरत्या, त्या पत्रापुरत्याच निर्माण केलेल्या किल्लीने कूटबद्ध होतो आणि ही तात्पुरती किल्ली पत्र घेणाऱ्याच्या जाहीर किल्लीने बंद करून पत्रासोबत पाठविली जाते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. नव्या संगणकावर किल्ल्यांची नवी जोडी तयार केल्यास पुढील पत्रव्यवहार चालू होतो. परंतु जुनी पत्रे जुन्याच जोडीला बांधलेली असल्याने नव्या किल्लीने ती उघडत नाहीत. म्हणून नवी किल्ली हा स्थानांतरणास पर्याय नव्हे.

प्रचलित पद्धती : फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी ही आज्ञावली प्रसिद्ध केली व सामान्य माणसाच्या ई-मेलला हे तंत्र उपलब्ध झाले. तीवरून ओपनपीजीपी हे मानक १९९८ मध्ये निश्चित झाले. त्यात २००७ व २०२४ मध्ये सुधारणा झाल्या. या मानकानुसार चालणारी ग्नूपीजी ही मुक्त आज्ञावली १९९९ पासून वापरात आहे. दुसरी पद्धती एस/माइम ही होय. तीत किल्लीबरोबर प्रमाणन संस्थेने दिलेले प्रमाणपत्र असते. खाजगी किल्ली व प्रमाणपत्र ही दोन्ही परवलीच्या शब्दाने बंद केलेल्या एकाच फाइलीत बांधून नेता येतात.

किल्ल्या कोठे असतात हे आज्ञावलीवर अवलंबून असते. ग्नूपीजीच्या २.१ या आवृत्तीपूर्वी सर्व खाजगी किल्ल्या एकाच फाइलीत असत; त्या आवृत्तीपासून प्रत्येक खाजगी किल्लीची स्वतंत्र फाइल होते. थंडरबर्ड या ई-मेल आज्ञावलीत पूर्वी एनिगमेल या जोड-आज्ञावलीमार्फत ग्नूपीजीच्या किल्ल्या वापरल्या जात. २०२० मधील ७८ व्या आवृत्तीच्या मालिकेपासून थंडरबर्डमध्येच किल्ल्यांचे स्वतंत्र भांडार आले. त्यामुळे एकाच संगणकावरही किल्ल्या एका भांडारातून दुसऱ्यात न्याव्या लागल्या. अशा भेदांमुळे अनोळखी फाइली जशाच्या तशा उचलून नेण्यापेक्षा आज्ञावलीतील किल्ली बाहेर काढण्याची व आत घेण्याची सोय वापरणे इष्ट असते.

कार्यपद्धती : स्थानांतरणात दोन परस्परविरोधी धोके असतात. किल्लीची एकच प्रत ठेवली तर ती नष्ट होण्याचा धोका. अधिक प्रती केल्या तर त्यांतील एखादी परक्या हाती पडण्याचा धोका. कार्यपद्धतीतील प्रत्येक पायरी या दोहोंचा तोल सांभाळण्यासाठी आहे.

प्रथम खाजगी किल्ली फाइलीच्या रूपात बाहेर काढतात. जाहीर किल्ली तिच्यासोबतच असते; केवळ जाहीर किल्ली बाहेर काढून काम झाले असे समजणे ही नेहमी घडणारी चूक होय. ही फाइल परवलीच्या लांब वाक्याने बंद केलेली असावी, कारण फाइल चोरीस गेली तरी ते वाक्य हाच शेवटचा अडसर उरतो. पत्रव्यवहार करणाऱ्या इतरांच्या जाहीर किल्ल्याही न्याव्यात. कोणाच्या किल्लीवर किती विश्वास ठेवावयाचा याची नोंद ग्नूपीजीमध्ये किल्लीबरोबर जात नाही. ती वेगळी काढावी लागते. तसे न केल्यास नवा संगणक मालकाची स्वतःची किल्लीही अपरिचित मानतो.

दुसरी पायरी वाहतुकीची. फाइल स्वतःच्याच पत्त्यावर साध्या ई-मेलने पाठवू नये, कारण तिची प्रत सेवा पुरविणाऱ्या संस्थेकडे राहू शकते. पेनड्राइव्ह किंवा दोन संगणकांमधील सुरक्षित जोडणी वापरणे योग्य. परवलीचे वाक्य त्याच पेनड्राइव्हवर लिहून ठेवणे म्हणजे कुलपालाच किल्ली बांधून ठेवण्यासारखे होय. हे काम सुलभ करण्यासाठी डिसेंबर २०१७ च्या ऑटोक्रिप्ट या संकेतमानकात वेगळी योजना आहे : खाजगी किल्ली कूटबद्ध पत्रातूनच दुसऱ्या उपकरणाकडे जाते व पहिल्या उपकरणाच्या पडद्यावर दिसणारा ३६ अंकांचा संकेत दुसऱ्यावर हाताने भरावा लागतो. पत्र कोणी अडविले तरी संकेताशिवाय ते निरुपयोगी ठरते.

तिसरी पायरी पडताळणीची. प्रत्येक किल्लीला तिच्या आशयावरून काढलेला ठसा असतो. २००७ च्या मानकानुसार तयार झालेल्या किल्लीचा ठसा १६० बिटांचा असून तो ४० चिन्हांत लिहितात. दोन्ही संगणकांवरील ठसे ताडून पाहावेत. ठसा जुळला म्हणजे किल्ली तीच आहे हे कळते, परंतु खाजगी भाग आला की नाही हे कळत नाही. म्हणून नव्या संगणकावर एखादे जुने पत्र उघडून पाहावे व स्वाक्षरी केलेले एक पत्र पाठवावे. यानंतरच जुन्या संगणकावरील किल्ली व वाहतुकीसाठी केलेली प्रत पुसावी. हा क्रम उलटल्यास किल्ली कायमची गमावण्याचा संभव असतो. घनावस्था साठवण असलेल्या संगणकात व पेनड्राइव्हमध्ये पुसलेली फाइल अंतर्भागात शिल्लक राहू शकते; म्हणून संपूर्ण साठवणच आधीपासून कूटबद्ध असणे हा अधिक खात्रीचा उपाय होय.

न हलणाऱ्या किल्ल्या : काही किल्ल्या मुद्दामच बाहेर काढता येणार नाहीत अशा ठेवतात. खाजगी किल्ली एका लहान कार्डात वा यूएसबी उपकरणात बंदिस्त असते; उकलीचे गणित उपकरणातच होते व केवळ उत्तर बाहेर येते. येथे किल्लीऐवजी उपकरणच एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते. अशा किल्लीची प्रत चोरता येत नाही. मात्र उपकरण हरवल्यास व अन्यत्र प्रत नसल्यास पत्रेही गेली. भारतात अंकीय स्वाक्षरीची प्रमाणपत्रे अशा उपकरणांवर देण्याची पद्धत रूढ आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ अन्वये प्रमाणपत्रधारकाने खाजगी किल्ली स्वतःच्या ताब्यात राहील अशी वाजवी दक्षता घेणे आणि ती उघड झाल्यास प्रमाणन संस्थेस विनाविलंब कळविणे बंधनकारक आहे.

किल्ली रद्द करणे व जतन करणे : स्थानांतरणात किल्ली परक्या हाती गेल्याचा संशय आल्यास ती रद्द झाल्याचे निवेदन प्रसृत करतात. हे निवेदन त्याच खाजगी किल्लीने स्वाक्षरित करावे लागत असल्यामुळे ते आगाऊ तयार करून वेगळ्या जागी ठेवणे हितावह असते. रद्द केलेल्या किंवा मुदत संपलेल्या किल्लीने नवी पत्रे बंद करीत नाहीत, परंतु तिने जुनी पत्रे उघडता येतात. म्हणून ती पत्रे जोवर हवी आहेत तोवर ती किल्लीही प्रत्येक नव्या संगणकावर न्यावी लागते. व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिची टपालपेटी वारसांच्या हाती आली, तरी किल्ली व परवलीचे वाक्य यांची व्यवस्था तिने केलेली नसल्यास आतील पत्रे बंदच राहतात. कागदावर छापलेली किल्लीची प्रत तिजोरीत ठेवण्याचा साधा उपाय याच कारणासाठी आजही सुचविला जातो.