निबंधकाचे आसन आणि लेखकाचा हक्क

लेखक आणि प्रकाशक यांच्या व्यवहाराची चर्चा आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांतून होते तेव्हा ती बहुधा दोहोंपैकी एकाच्या नीतिमत्तेवर येऊन थांबते. लेखक भोळा व प्रकाशक धूर्त, किंवा लेखक अव्यवहारी व प्रकाशक तोट्यात, असे दोन साचे ठरून गेले आहेत. या दोघांच्या मध्ये कायद्याने एक तिसरे आसन मांडून ठेवले आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते आसन कॉपीराइट निबंधकाचे. आणि त्याच्या शेजारी, वाद ऐकण्यासाठी, कॉपीराइट मंडळाचे. या आसनांवर कोण बसतो, कोणाच्या आज्ञेत बसतो, आणि मुळात कोणी बसतो की नाही, याचा साहित्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. रायपुरातील एका प्रकरणाच्या आधारे तो संबंध तपासून पाहण्याचा येथे विचार आहे.

विनोदकुमार शुक्ल हे हिंदीतील थोर कवी व कादंबरीकार. राजनांदगाव येथे १९३७ साली त्यांचा जन्म झाला. रायपूरच्या कृषी विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले आणि त्याच नगरीत आयुष्य घालविले. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. मार्च २०२२ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, या अत्यंत मितभाषी लेखकाने जाहीरपणे सांगितले की, आपण विश्वासाने करारांवर सह्या करीत आलो, ते करार एकतर्फी होते, आणि गाजलेल्या पुस्तकांपोटी वर्षाकाठी हाती येणारे स्वामित्वधन काही हजार रुपयांचे आहे. संबंधित प्रकाशकांनी आपापले हिशेब पुढे ठेवून आरोप नाकारला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये, रायपुरातच, त्याच कादंबरीच्या एका नव्या प्रकाशकाने सुमारे ३० लाख रुपयांचे स्वामित्वधन त्यांच्या हाती दिले. या दोन आकड्यांमधील अंतर हा लबाडीचा पुरावा मानणे उतावळेपणाचे होईल. मधल्या काळात ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला होता आणि तरुण वाचकांचा एक नवा वर्ग त्यांच्याकडे वळला होता. खरे कोणाचे, याचा निवाडा प्रस्तुत लेखकाला करावयाचा नाही. निवाडा करण्याचे काम ज्याचे होते, तो २०२२ साली कोठे होता, एवढाच प्रश्न आहे.

कायदा तोकडा होता म्हणावे, तर तसेही नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे कलम १९ पाहावे. हक्कांच्या हस्तांतरणाचा करार लेखी असला पाहिजे, त्यात हक्क, मुदत, प्रदेश आणि स्वामित्वधन यांचा निर्देश हवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजावी. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात भर घातली की, करार करतेवेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते त्याला तो करार, तसा स्पष्ट उल्लेख असल्यावाचून, लागू होणार नाही. त्याहून महत्त्वाचे कलम १९-अ. करार करणारा स्वतः ग्रंथकर्ता असेल आणि अटी त्याच्यावर जाचक असतील तर, पाच वर्षे उलटल्यानंतर, कॉपीराइट मंडळ तो करार रद्द करू शकेल; थकलेले स्वामित्वधन वसूल करण्याचा आदेश देऊ शकेल; आणि तक्रारीचा निकाल शक्यतो सहा महिन्यांत लावील. जणू एखाद्या वृद्ध, एकाकी आणि संकोची लेखकाची मूर्ती डोळ्यांसमोर ठेवूनच हे कलम कोणी रचले असावे, इतके ते नेमके आहे.

मात्र ते मंडळच नव्हते. २०१२ च्या दुरुस्तीने त्याची घटना बदलली. पण नव्या घटनेनुसार ते काम करू लागण्यापूर्वीच, २०१७ च्या वित्त अधिनियमाने, ते बौद्धिक संपदा अपील मंडळात विलीन करण्यात आले. या अपील मंडळाचे अध्यक्षपद मे २०१६ पासून रिकामे होते. ते जानेवारी २०१८ मध्ये भरले गेले. एप्रिल २०२१ मध्ये अपील मंडळही बरखास्त झाले आणि त्याचे कॉपीराइटविषयक काम वाणिज्यिक न्यायालयांकडे गेले. म्हणजे सहा महिन्यांत निकाल देण्याची तरतूद ज्या वर्षी पुस्तकात उतरली, जवळजवळ त्याच वर्षापासून निकाल देणाराच बेपत्ता झाला. यात कोणाचे कारस्थान नव्हते. नेमणुकीची कोणाला निकड वाटली नाही, इतकेच. आणि हीच गोष्ट अधिक चिंतेची आहे.

वाणिज्यिक न्यायालय लेखकाला बंद आहे असे नाही. कलम ६२ अन्वये तो आपल्या राहत्या गावीही दावा लावू शकतो. त्यासाठी त्याला दिल्लीस जावे लागत नाही. परंतु दाव्याला वकील लागतो, धीर लागतो, आणि ज्याने आपली पुस्तके छापली त्याच्याशी उघड वैर पत्करावे लागते. पु. ल. देशपांडे यांच्या साहित्याच्या परवानग्यांचे काम सुनीताबाईंनी किती काटेकोरपणे सांभाळले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. प्रत्येक लेखकाच्या घरी सुनीताबाई नसतात. ज्याच्या घरी त्या नाहीत त्याच्यासाठीच असे कार्यालय असावे लागते.

असे कार्यालय आपल्याकडे पूर्वी नव्हतेच. रायपूरच्या मराठी वाचकाला येथे माधवराव सप्रे यांची आठवण होईल. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, आणि १९२६ साली रायपुरात देह ठेवणारे हे मराठीभाषी हिंदी पंडित. ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ यांना त्यांनी हिंदीत नेले. त्या काळी लागू असलेल्या १९१४ च्या अधिनियमात भाषांतराचा एकमेव हक्क ग्रंथकर्त्याकडे प्रकाशनापासून दहाच वर्षे राही. त्या मुदतीत एखाद्या भाषेत अधिकृत भाषांतर निघाले तर त्या भाषेपुरता तो टिके. ‘गीतारहस्य’ १९१५ चे. हिंदी भाषांतर टिळकांच्या हयातीतच निघाले. अशा व्यवहारात तंटा उद्भवला असता तर दिवाणी कोर्टावाचून दुसरी जागा नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठीच १९५७ च्या अधिनियमाने निबंधक आणि मंडळ ही जोडी निर्माण केली.

पण निबंधकाचे आसन घडविताना त्याचा एक पाय आखूड ठेवला गेला. कलम ९ प्रमाणे कार्यालय निबंधकाच्या नियंत्रणाखाली, आणि निबंधक केंद्र सरकारच्या देखरेखीखाली व आदेशात. त्याच्या विद्वत्तेची अट नाही, कार्यकाळाची हमी नाही. साक्षीदार बोलाविण्याचे, कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत, त्याच्या नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. परंतु लेखकांच्या स्थितीविषयी स्वतःहून चार शब्द बोलण्याचा अधिकार किंवा कर्तव्य त्याला नाही. मार्च २०१६ मध्ये हा विषय शिक्षणाचे काम पाहणाऱ्या मंत्रालयाकडून काढून वाणिज्य मंत्रालयाच्या औद्योगिक धोरणाच्या विभागाकडे सोपविण्यात आला. कारभाराच्या सोयीने पाहता हे समर्थनीय असेलही. पण ज्या खात्याला साहित्य अकादमीचे नाव कानावरून गेलेले असण्याची थोडी तरी शक्यता होती, तेथून कविता निघाली आणि पेटंट व व्यापारचिन्हे यांच्या शेजारी जाऊन बसली, हे खरे.

अधिकारी पुरुष वा स्त्री यांच्यामुळे किती फरक पडतो, याची साक्ष अमेरिकेत मिळते. तेथील पहिले निबंधक थॉर्वाल्ड सोल्बर्ग १८९७ पासून १९३० पर्यंत, तेहेतीस वर्षे, पदावर होते. ते ग्रंथसूचीकार होते आणि बर्न करारात आपल्या देशाने सामील व्हावे म्हणून त्यांनी दीर्घकाळ खटपट केली. पुढे बार्बरा रिंगर आल्या. १९७१ मध्ये त्यांना डावलण्यात आले तेव्हा त्यांनी भेदभावाविरुद्ध दाद मागितली, ती मिळविली, आणि १९७३ मध्ये त्या पदावर आल्या. ज्या १९७६ च्या कायद्याच्या त्या प्रमुख शिल्पकार मानल्या जातात, त्यात एक विलक्षण तरतूद आहे : लेखकाने दिलेला हक्क पस्तीस वर्षांनंतर, विहित सूचना देऊन, तो परत घेऊ शकतो. तरुणपणी गरजेपोटी केलेली सही म्हातारपणी पुसण्याची ही मुभा. वीस वर्षे त्या विषयात मुरलेली व्यक्ती कार्यालयात होती म्हणूनच असे बारकावे कायद्यात उतरू शकले. आता त्याच पदाचे दुसरे चित्र पाहावे. ९ मे २०२५ रोजी त्या कार्यालयाने, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना शिकविण्यासाठी ग्रंथांचा वापर करण्याबाबतचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. असा प्रत्येक वापर न्याय्य मानता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्याच दिवशी निबंधक शिरा पर्लमटर यांना पदच्युत करण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. कारण काहीही असो, हे आसन निरुपद्रवी कारकुनाचे नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले.

आपल्याकडेही तोच प्रश्न उभा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये औद्योगिक धोरणाच्या विभागाने नेमलेल्या समितीचा एक मसुदा प्रसिद्ध झाला. यंत्रांना शिकविण्यासाठी ग्रंथ वापरू द्यावेत, लेखकाला नकाराचा हक्क नसावा, मात्र त्याबद्दल स्वामित्वधन द्यावे आणि ते एका मध्यवर्ती संस्थेने गोळा करून वाटावे, असा त्याचा आशय आहे. ही वाटणी कोणत्या मापाने होणार? कोंकणी वा छत्तीसगढी कवीच्या एका पातळ संग्रहाचे मोल पृष्ठसंख्येवर ठरणार की कशावर? चित्रपट आणि संगीत या व्यवसायांच्या संघटना आपले म्हणणे मांडतील. त्यांना ती सवय आहे. ग्रंथकर्त्यांच्या वतीने, पदाच्या अधिकाराने, हे प्रश्न विचारू शकेल असा स्वतंत्र निबंधक आपल्या कायद्याने निर्माणच केलेला नाही.

हा मसुदा प्रसिद्ध झाला त्याच महिन्यात, २३ डिसेंबर रोजी, विनोदकुमार शुक्ल रायपुरात निवर्तले. मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे २०८५ च्या अखेरपर्यंत, त्यांच्या ग्रंथांचे हक्क राहतील. वर्षानुवर्षे हिशेब मागण्याचे काम आता त्यांच्या वारसांकडे आले आहे. आणि कलम १९-अ मध्ये जेथे मंडळाचे नाव होते तेथे आता वाणिज्यिक न्यायालयाचे नाव आहे.