नोंद खरी, तर उतारा बरा

साखर शेतात तयार होते, कारखाना ती फक्त बाहेर काढतो, असे आपल्या धंद्यात म्हणतात. शेतात ऊस किती उभा आहे आणि तो केव्हा पक्व होणार, हे कारखान्याला वेळेवर कळले नाही, तर तीच साखर वावरात आणि वाटेत जिरते, एवढे आम्ही त्यात जोडू.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे सांगावे लागत नाही. रावेरचा आणि बऱ्हाणपूरचा भाव कानावर आल्याशिवाय ते कापणीचे बोलत नाहीत. ऊसवाला मात्र एकदा नोंद दिली की निर्धास्त. तीही पुष्कळदा "लिहा हो अंदाजे" अशी!

नोंद चुकली की काय होते?

आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची. तोडणीचा क्रम लागणीची तारीख आणि जात पाहून लागतो. पाळी लवकर यावी म्हणून कुणी तारीख महिना-दीड महिना मागची सांगितली, की कच्चा ऊस गव्हाणीत येतो आणि शेजारच्याचा पक्का ऊस उभा राहतो. जातीचेही तसेच. को.सी. 671 लवकर पक्व होणारा, को. 86032 त्यामानाने उशिरा. एकाच्या नावावर दुसरा लिहिला, की क्रमच बिघडतो. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स पाहता येतो, पण कोणत्या वावरात आधी जायचे ते नोंदवहीच सांगते.

क्षेत्राचा आकडा तर आणखी महत्त्वाचा. किती कोयते आणायचे, मुकादमांना किती उचल द्यायची, हे हंगामाच्या कितीतरी आधी ठरते. आपल्या धुळे-नंदुरबारकडचे तोडणी मजूर दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या बाजूला जातात. एकदा गेलेला कोयता हंगामात परत मिळत नाही. नोंद कमी असेल तर ऊस एप्रिलच्या उन्हात उभा राहतो, कांडी पोकळ होते, वजन घटते. नोंद फुगवलेली असेल तर टोळ्या बसून राहतात. तो खर्चही शेवटी आपल्याच माथी.

चोवीस तासांचा प्रश्न

तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळला पाहिजे. त्यानंतर वजन घटत जाते आणि साखरेचे विघटन होऊन उतारा पडतो. ऊन वाढले की हे नुकसान झपाट्याने होते. दूरदेशीच्या पामतेलाच्या धंद्यातही हेच दुखणे आहे. जगातले चार-पंचमांशाहून अधिक पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियात होते. तिथेही घड कापल्यावर फळातले तेल आम्ल होऊ लागते, म्हणून तो दिवसभरात गिरणीत पोचवावा लागतो. कुणाचे घड कधी निघणार हे गिरणीला आधी ठाऊक असेल, तरच गाडी वेळेवर उभी राहते. पीक निराळे, गणित एकच.

पैशाचा हिशोब

2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफ.आर.पी. ठरविली. त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे जास्त, खाली 9.5 टक्क्यांपर्यंत तितकेच कमी. म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. एक लाख टन गाळपावर हा फरक 34 लाख 60 हजारांचा होतो, आणि साखर 1000 क्विंटल कमी पडते. दर सरासरी उताऱ्यावर ठरतो. त्यामुळे एकाच्या खोट्या तारखेचा भुर्दंड सगळ्यांनाच बसतो.

खानदेशात पांझरा-कान, संजय, बेलगंगा यांसारखे सहकारी कारखाने बंद पडलेले आपण पाहिले. कारणे अनेक होती. पण पुरेसा आणि चांगला ऊस वेळेवर मिळाला नाही, तर कोणत्याच कारखान्याचे चाक फिरत नाही, हे विसरून चालणार नाही.

माहिती दोन्ही बाजूंनी हवी

सभासद खोटी तारीख हौसेने सांगत नाही. "यादी वशिल्याने पुढे-मागे होते" ही शंका मनात असते म्हणून सांगतो. ही शंका जायची तर कारखान्यानेही हात राखून वागू नये. तोडणीची यादी गटकार्यालयाच्या फळ्यावर लागली पाहिजे. क्रम बदलला तर कारणासकट लिहिला पाहिजे. रोजचा उतारा आणि वजनाची पावती सभासदाच्या हाती, आता तर मोबाइलवरही, पोचली पाहिजे. यादी उघडी राहिली, की तारीख आपोआप खरी येते.

सभासद बंधू-भगिनींनी एवढे करावे:

1. लागणीची खरी तारीख, जात, गट नंबर आणि मोजलेले क्षेत्र लगेच नोंदवावे.
2. ऊस मोडला, जळाला किंवा बेण्याला दिला, तर गटकार्यालयात तसे कळवावे.
3. खोडव्याची नोंद वेगळी करावी.
4. तोडणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे. त्यासाठी पाळीची तारीख आमच्याकडे हक्काने विचारावी.

पाळी दोन दिवस अलीकडे की पलीकडे, यापेक्षा ऊस पक्व असताना तुटणे सर्वांच्या फायद्याचे आहे. नोंदवही ही आपल्या सर्वांची आहे. ती खरी ठेवू या.

— ऊस विकास अधिकारी