माळ्यावरचा तवा आणि पितळी पातेले

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ यांसारख्या कोल्हापूरच्या जुन्या वस्त्यांत अनेक घरांच्या माळ्यांवर बिडाचे तवे, लोखंडी कढया आणि पितळी पातेली अजूनही जपून ठेवलेली आढळतात. अलीकडे ही भांडी पुन्हा ओट्यावर येऊ लागली आहेत. सकाळची भाकरी संध्याकाळी गरम करणे, मिसळीबरोबरचा ब्रेड शेकणे, नातवंडांसाठी दूध कोमट करणे अशी कामे ज्येष्ठ मंडळी त्यांतच आवडीने करतात. ही आवड जोपासण्याजोगी आहे. मात्र प्रत्येक जुने भांडे प्रत्येक पदार्थासाठी योग्य नसते, हे ध्यानात ठेवावे.

तवा : कोरड्या पदार्थांचा सोबती

बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाचा जाड तवा सावकाश तापतो आणि उष्णता बराच वेळ धरून ठेवतो. भाकरी, चपाती, पाव किंवा ब्रेड गरम करण्यासाठी हा गुण उत्तम. भाकरीवर पाण्याचा हलका हबका मारावा, मंद आचेवर ती तव्यावर ठेवावी आणि वर झाकण घालावे. वाफेमुळे ती मऊ होते. कवळी वापरणाऱ्यांना किंवा गिळताना त्रास होणाऱ्यांना कडक, करपलेल्या कडा देऊ नयेत; त्या काढून उरलेली भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यावी.

लोखंडी भांड्यातून थोडे लोह अन्नात उतरते. आंबट, पातळ पदार्थांत ते अधिक उतरते. बहुतेकांना त्याचा अपाय नाही. परंतु थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्यांनी किंवा शरीरात लोह साठण्याचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उलटपक्षी, वृद्धाचे हिमोग्लोबिन कमी झाले असता केवळ लोखंडी कढईवर विसंबू नये. आतड्यातून होणारा सूक्ष्म रक्तस्राव हेही त्याचे कारण असू शकते. म्हणून तपासणी आवश्यक ठरते.

पितळ : कल्हईविना नको

कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकते, हे आपल्या आजींना ठाऊक होते. ताकातील आम्ल धातूवर क्रिया करते आणि तांबे अन्नात उतरते. दुधाबाबतचा धोका मात्र चवीवरून कळत नाही. पूर्वी आपल्याकडे लहान मुलांच्या यकृताचा ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ हा जीवघेणा आजार आढळत असे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश संशोधक डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत त्याचा अभ्यास केला. पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले व साठवलेले दूध तान्ह्या वयात दिले जाणे, हे या आजाराचे संभाव्य कारण असल्याचे त्यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. पुढे घरोघरी स्टील आले, आणि हा आजार दुर्मीळ झाला. म्हणून बाळाचे दूध स्टीलच्याच पातेल्यात तापवावे. येथे हौसेला वाव नाही.

पितळी भांडे वापरायचेच असेल, तर विश्वासू कारागिराकडून शुद्ध कथलाची कल्हई करून घ्यावी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे रिकामे भांडे मोठ्या आचेवर ठेवू नये. तारेच्या घासणीनेही कल्हई झिजते. आतून पिवळा किंवा तांबूस धातू दिसू लागला, की त्यात अन्न शिजवणे वा गरम करणे थांबवावे.

काही आयात केलेल्या पितळी, ॲल्युमिनियम व हिंडालियमच्या भांड्यांतून शिसे अन्नात उतरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिला. शिसे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कोठून आले हे माहीत नसलेले किंवा खड्डे पडलेले जुने भांडे शोभेसाठी ठेवावे.

गरम करणे म्हणजे कोमट करणे नव्हे

भांडे कितीही चांगले असले, तरी शिळे अन्न नीट तापले नाही, तर वृद्धांना जुलाब-उलट्यांचा त्रास होऊ शकतो, आणि त्या वयात शरीरातील पाणी लवकर कमी होते. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, आणि पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत किमान ७० अंशांपर्यंत तापवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमटी, रस्सा खळखळून उकळावा. लागेल तेवढेच अन्न एकदाच गरम करावे. भाताबाबत विशेष दक्षता हवी. बराच वेळ बाहेर राहिलेल्या भातात जिवाणूंनी निर्माण केलेले विष पुन्हा तापवल्याने नष्ट होत नाही. असा भात टाकून द्यावा.

हातातील बळ आणि स्मरण

बिडाचा तवा जड असतो. संधिवात, हातांचा कंप किंवा अर्धांगवायू असणाऱ्यांनी तो उचलू नये. तवा शेगडीवरच राहू द्यावा आणि भाकरी चिमट्याने काढावी. मधुमेहामुळे हातांची संवेदना कमी झालेल्यांना चटका उशिरा जाणवतो, म्हणून जाड कापड जवळ असावे. पदराचे टोक खोचलेले असावे. विस्मरणाचा त्रास असणाऱ्यांनी सोबतीला कोणी असतानाच गॅस पेटवावा.

काळजीवाहकांनी एका रविवारी माळ्यावरची भांडी ज्येष्ठांसमवेत बसून निवडावीत. तवा रोजच्या वापराला, पितळ कल्हईवाल्याकडे, शंकास्पद भांडी फडताळात. दूध मात्र स्टीलच्या पातेल्यातच तापावे.