चाप ओढण्याआधी, चाप ओढल्यानंतर

 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळच्या राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ माणसे मारल्याचा ठपका असलेली टी-1, म्हणजे अवनी वाघीण, एका गोळीने मेली. त्यानंतरचे राजकारण, मेनका गांधींची टीका, गावात फुटलेले फटाके, सर्वोच्च न्यायालयातल्या फेऱ्या हे सगळे यवतमाळकरांना पाठ आहे. मला बोलायचे आहे ते त्या गोळीबद्दल, आणि बंदुकीविषयी टीव्हीने आपल्याला काय शिकवले याबद्दल.

त्या ऑक्टोबरात वाहिन्यांनी काय काय दाखवले ते आठवा. तिला शोधून पकडण्यासाठी आणलेले हत्ती, पॅराग्लायडर, केन कोर्सो जातीचे कुत्रे, वाघिणीला भुलवायला शिंपडलेले केल्विन क्लाइनचे अत्तर. जिच्यावर या मोहिमेचे यश अवलंबून होते, ती बेशुद्ध करणारी बंदूक मात्र कुणी नीट समजावून सांगितली नाही. मालिकांत आणि सिनेमांत डार्ट लागला की जनावर जागच्या जागी कोसळते. प्रेक्षकांच्या मनात तेच चित्र होते, म्हणून ‘बेशुद्ध का नाही केले?’ हा प्रश्न जितका सोपा वाटला तितकेच त्याचे उत्तरही सोपे वाटले.

प्रत्यक्षात डार्ट म्हणजे उडती सिरिंज. गोळीच्या मानाने तिचा वेग आणि पल्ला अगदीच कमी. मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूतच ती बसली पाहिजे. हाडाला किंवा पोटात लागली तर जनावर जायबंदी होते. वाघासाठी झायलाझिन आणि केटामिनचे मिश्रण वापरतात. त्याची मात्रा वजनाच्या अंदाजाने ठरते, आणि भूल चढायला साधारण दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात वाघ झुडपांत कुठेही जाऊ शकतो, म्हणून हे काम उजेडात करायचे असते आणि सोबत पशुवैद्यक लागतो. भूल चढल्यावर श्वास आणि अंगाचे तापमान सांभाळावे लागते, शेवटी उतारा द्यावा लागतो. हे सगळे जसेच्या तसे दाखवले तरी कुठल्याही रहस्यमालिकेइतके खिळवून ठेवेल.

आता हे माहीत असलेल्या माणसाने बोराटीचे कागद वाचावेत. डार्ट मारल्यावर वाघीण अंगावर आली, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असे नेमबाज असगर अली यांचे म्हणणे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी पथकाने त्यावर गंभीर प्रश्न उभे केले. गोळी शिरली ती जागा पाहता वाघिणीचे तोंड समोर नव्हते. डार्टमधले औषध 56 तासांपूर्वी कालवलेले होते, ते 24 तासांत वापरायला हवे होते. वेळ रात्रीची होती आणि सोबत पशुवैद्यक नव्हता. गोळीचा कोन, औषधाचे वय, उजेड, माणसे या चार गोष्टींत सगळे प्रकरण सामावले आहे. वाहिन्यांवर मात्र चर्चा ‘खून की पराक्रम’ याच दोन शब्दांवर रंगली.

या जंगलाकाठच्या गावांची बाजू मी विसरत नाही. दोन वर्षांत 13 माणसांच्या मृत्यूंचा ठपका या वाघिणीवर होता. कापसाच्या शेतात एकट्याने जाणे बंद झाले होते. वाघीण पकडा किंवा मारा, ही मागणी जिवाच्या भीतीतून आली होती. म्हणूनच गोळी कशी झाडली गेली याचा चोख हिशेब त्यांनाही मिळायला हवा.

2021 मध्ये आलेला अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारा चित्रपट. वनखात्यातली दिरंगाई, स्थानिक राजकारण, शिकाऱ्याची मिजास त्याने प्रामाणिकपणे मांडली. पण तो माणसांचा चित्रपट आहे, बंदुकीचे तंत्र त्याचा विषय नाही. परदेशी वाहिन्यांनी बंदुकीवरच कार्यक्रम केले. हिस्ट्री वाहिनीचा ‘टॉप शॉट’ 2010 ते 2013 या काळात पाच पर्वे चालला. त्यात कौशल्य होते, पण गोळी नेहमी निर्जीव लक्ष्यावर जायची आणि तिथेच गोष्ट संपायची. मला त्याहून मोलाचा वाटतो तो ‘मिथबस्टर्स’. गोळी लागल्यावर माणूस मागे फेकला जातो हा सिनेमातला समज त्यांनी प्रयोग करून खोडून काढला. तेवढा जोर गोळीत असता तर झाडणाराही उलटा पडला असता. एक प्रश्न घ्यायचा, मोजायचे आणि निकाल प्रेक्षकासमोर ठेवायचा, ही रीत आपल्याकडे यायला हवी.

नेमबाजीच्या खेळाने हे करून दाखवले आहे. 2013 पासून रायफलची अंतिम फेरी शून्यापासून सुरू होते, एकेक स्पर्धक बाद होतो आणि प्रत्येक गोळीचे गुण दशांशात पडद्यावर येतात. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हा आयुष्यात रायफल न पाहिलेली माणसेही समजून पाहत होती. पन्नास मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचे. गुडघ्यावर बसून नेम धरताना मागे असलेला स्वप्नील उभ्याने नेम धरताना वर कसा आला, हे त्यांना कळले. नीट सांगितले तर प्रेक्षक बारकावे पचवतो, याला आणखी पुरावा कशाला?

विदर्भात वाघ आणि माणूस यांच्यातली ओढाताण थांबलेली नाही. पकडण्याचे किंवा गोळी घालण्याचे आदेश पुढेही निघतील. त्याआधी दूरदर्शनने किंवा एखाद्या मराठी वाहिनीने बोराटीच्या त्या एका गोळीवर कार्यक्रम करावा: आदेश कुणाचा, बंदूक कुणाच्या हाती, औषध किती ताजे, उजेड किती, शवविच्छेदन काय सांगते. बंदुकीवरच्या कार्यक्रमाचा दर्जा मी याच कसोटीवर ठरवेन. तो पाहिलेल्या राळेगावच्या शेतकऱ्याला आणि पुण्याच्या प्राणिप्रेमीला पुढच्या चौकशीचा अहवाल स्वतः वाचून मत बनवता आले, तरच तो कार्यक्रम चांगला.