शुश्रूषेची परीक्षा कोण घेणार?

मुलाचे नाव शाळेत घालावयाचे झाले की आपण चार ठिकाणी चौकशी करतो. निकाल कसा लागतो, एका वर्गात मुले किती, शिक्षक टिकतात की दरवर्षी बदलतात, हे विचारल्याखेरीज कोणताही मध्यमवर्गीय पालक प्रवेशअर्जावर सही करीत नाही. परंतु अंथरुणाला खिळलेल्या आईला किंवा वडिलांना एखाद्या शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ येते, तेव्हा हीच चौकस माणसे काय पाहतात? इमारत नवी आहे, आवारात बाग आहे, दाराशी गणपतीची मूर्ती आहे, व्यवस्थापकांचे बोलणे गोड आहे. एवढ्यावर अनामत रक्कम भरली जाते. हा निर्णय पुष्कळदा रुग्णालयातून सुटी मिळण्याच्या आदल्या दिवशी घाईने घेतलेला असतो. शिवाय मनात अपराधाची बोच असते, आणि अपराधी मन फारसे प्रश्न विचारीत नाही.

आपल्या शहरांत ‘नर्सिंग होम’ या पाटीचा रूढ अर्थ डॉक्टरांचे छोटे खासगी इस्पितळ असा आहे. येथे अभिप्रेत आहेत ती वेगळी घरे. ज्यांचा आजार बरा होणार नाही, ज्यांना स्वतः उठता-बसता येत नाही किंवा ज्यांची स्मृती हरपली आहे, अशा वृद्धांचा महिनोन्‌महिने सांभाळ करणारी ही घरे. अनेक वृद्धाश्रमांची पहिली अट ‘हिंडता-फिरता असावा’ अशी असते. ही अट जेथे संपते तेथे या शुश्रूषागृहांचे काम सुरू होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले लोक सुमारे १ कोटी ११ लाख होते, म्हणजे दर दहा माणसांमागे जवळजवळ एक. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. तेव्हा हा प्रश्न मूठभर सधन कुटुंबांचा राहिलेला नाही.

रविवार आणि बुधवार

प्रस्तुत लेखकाच्या मावशी अर्धांगाच्या झटक्यानंतर अशाच एका शुश्रूषागृहात होत्या. आम्ही भाचरे दर रविवारी सकाळी भेटीच्या वेळेत जात असू. मावशींचे केस विंचरलेले, अंगावर धुतलेले पातळ, उशाशी फुले. आम्ही समाधानाने परतत असू. एकदा बुधवारी त्या भागात काही काम निघाले, म्हणून रात्री आठच्या सुमारास सहज डोकावलो. पाण्याचा पेला भरलेला होता, पण तो मावशींच्या लुळ्या हाताच्या बाजूला ठेवलेला होता. ओठ कोरडे पडले होते. कूस बदलून देण्यासाठी हात घातला, तेव्हा माकडहाडाशी तळहाताएवढी जखम दिसली. मी संतापाने आयाबाईंना हाक मारू लागलो. मावशी जड जिभेने म्हणाल्या, “तिला रागावू नकोस रे. रात्री ती एकटीच असते.”

त्या एका वाक्यात शुश्रूषेच्या मूल्यमापनाचे अर्धे शास्त्र आले आहे असे आता वाटते. रविवारी आम्ही पाहत होतो ती सजावट होती. बुधवारी जे दिसले ती शुश्रूषा होती.

काय मोजावे?

अवेदिस डोनाबेदियन या वैद्यकीय विचारवंताने १९६६ साली लिहिलेल्या एका निबंधात वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी तपासावा असे सुचविले. पहिले अंग रचनेचे: इमारत, खाटा, उपकरणे, माणसे. दुसरे कार्यपद्धतीचे: प्रत्यक्षात केले काय जाते. तिसरे परिणामाचे: माणसाचे अखेर काय झाले. आपली नजर पहिल्या अंगावर, त्यातही भिंती आणि फरशी यांवर खिळून राहते. खरी परीक्षा मात्र पुढच्या दोन पायऱ्यांवर होते.

शय्याव्रणाचेच उदाहरण घ्या. एकाच कुशीवर माणूस पडून राहिला की हाडाच्या उंचवट्यावरील त्वचेचा रक्तपुरवठा दाबला जातो. काही तासांत इजा सुरू होते, आणि ती माकडहाड, टाच, खुबा येथे प्रथम दिसते. सुमारे दर दोन तासांनी कूस बदलावी, हा परिचर्येतील जुना दंडक आहे. हवेची गादी साहाय्य करते. परंतु कूस बदलणाऱ्या हातांची जागा ती घेऊ शकत नाही. अतिशय खंगलेल्या रुग्णाला काळजी घेऊनही जखम होऊ शकते हे खरे. तथापि एकाच घरात अनेकांना अशा जखमा असतील, तर ती त्या घराची गुणपत्रिकाच समजावी. तसेच वजनाचे. दरमहा वजन घेतले जात नसेल, तर ताटात वाढलेले अन्न पोटात गेले की तसेच परत गेले, हे कोणालाच कळत नाही. तसेच झोपेच्या औषधांचे. दुपारी चार वाजता सारा कक्ष शांत झोपलेला असेल, तर ती शांतता कोणाच्या सोयीची आहे, हे विचारले पाहिजे.

मात्र एकाच आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ‘आमच्याकडे वर्षभरात कोणी पडले नाही’ असे एखादी संस्था अभिमानाने सांगेल. सर्वांना खाटेला बांधून ठेवले तर कोणीच पडणार नाही! म्हणून पडण्याचा आकडा विचारताना, किती जणांना रोज धरून चालविले जाते, हेही विचारावयास हवे.

परदेशाचा धडा

अमेरिकेत अशा घरांतील हेळसांडीवर दीर्घकाळ आरडाओरड झाल्यावर १९८६ साली तेथील वैद्यकीय संस्थेने विस्तृत अहवाल दिला आणि १९८७ साली सुधारणेचा कायदा झाला. सरकारी योजनांतून पैसे घेणाऱ्या प्रत्येक शुश्रूषागृहाला तो लागू झाला. प्रवेशानंतर प्रत्येक वृद्धाच्या गरजांचे सविस्तर मोजमाप व्हावे, शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणाला बांधून अथवा गुंगीत ठेवू नये, तपासणी पूर्वसूचनेवाचून व्हावी आणि दोन तपासण्यांत पंधरा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, अशी तरतूद झाली. तपासनीसांनी केवळ वह्या न चाळता तेथे राहणाऱ्यांशी बोलावे, हेही ठरले. तपासनीस येणार म्हणून आदल्या दिवशी भिंतींवर तक्ते लावणाऱ्या आपल्या शाळांतील शिक्षकांना या तरतुदींचे मर्म समजावून सांगावयास नको.

पुढे १९९८ पासून घराघराची माहिती जनतेसाठी खुली झाली आणि २००८ च्या अखेरीस एक ते पाच ताऱ्यांची प्रतवारी आली. पण येथेच एक गोम होती. तपासणीचे गुण सरकारी तपासनीस देत. कर्मचारीसंख्या आणि रुग्णांची स्थिती यांचे आकडे मात्र संस्था स्वतःच कळवीत. २०१४ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या उणिवेवर बोट ठेवले. विद्यार्थ्याने आपलीच उत्तरपत्रिका तपासावी असा हा प्रकार होता. त्यानंतर २०१६ पासून कर्मचाऱ्यांचे तास पगारपत्रकावरून कळविणे सक्तीचे झाले. तेथील सारे दोष यामुळे दूर झाले असे नव्हे. परंतु दर्जाची माहिती गोळा करावी, ती पडताळून घ्यावी आणि लोकांपुढे ठेवावी, ही शिस्त निदान रुजली.

सुरक्षितता हेही मूल्यमापनाचे सर्वस्व नव्हे. शल्यविशारद अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. गावंडे यांनी २०१४ च्या ‘बीइंग मॉर्टल’ या ग्रंथात न्यूयॉर्क राज्यातील एका शुश्रूषागृहाची हकीकत दिली आहे. बिल थॉमस या तरुण डॉक्टरने १९९१ साली तेथे कुत्री, मांजरे, शंभर पक्षी आणि झाडे आणली. वृद्धांना कोणाची तरी काळजी घेण्याचे काम मिळाले. शेजारच्या दुसऱ्या घराशी तुलना करता तेथील औषधांचे प्रमाण निम्म्यावर आले, असे आढळले. सर्वत्र पक्षी पाळावेत असा याचा अर्थ नव्हे. सकाळी केव्हा उठावे, चहा केव्हा घ्यावा, खिडकी उघडी ठेवावी की बंद, एवढी तरी मुखत्यारी माणसाजवळ उरली आहे काय, हा प्रश्नही दर्जाच्या परीक्षेतलाच आहे.

कायदा आहे, दृष्टी नाही

आपल्याकडे कायदाच नाही असे नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या व्याख्येत आजार आणि दुखापत यांच्या जोडीला विकलता हाही शब्द आहे. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावण्याचे बंधन घातले. परंतु या कायद्याकडे आपण इस्पितळांचा कायदा म्हणूनच पाहत आलो. ज्येष्ठांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम असावा असे म्हटले आहे. पण ते राज्याच्या मर्जीवर सोडले आहे. वृद्धांचा सांभाळ करणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत झाले नाही आणि २०२४ साली सभागृह विसर्जित होताच गतप्राण झाले. त्याबद्दल फारशी हळहळ कोणी व्यक्त केल्याचे दिसले नाही.

यावर आक्षेप येईल की, तपासनीसांचा ससेमिरा मागे लागला तर सेवाभावाने चाललेल्या लहान संस्था बंद पडतील आणि उरतील ती केवळ धनिकांची घरे. हा आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच नियम खोल्यांच्या लांबी-रुंदीवर भर देणारे नसावेत. वजनाचा काटा, कूस बदलल्याची नोंदवही, शय्याव्रणांची आणि पडण्याची प्रामाणिक नोंद, कोणत्याही वेळी नातेवाइकांना उघडे असलेले दार आणि संस्थेबाहेरच्या माणसाकडे तक्रार नेण्याची सोय, यांस मोठे भांडवल लागत नाही.

खर्च लागतो तो माणसांना. बारा-बारा तासांची पाळी करून तुटपुंज्या पगारावर राबणारी आयाबाई सहा महिन्यांत काम सोडून जाते, आणि तिच्याबरोबर कोणत्या आजीला कोणत्या कुशीवर झोप लागते हे ज्ञानही निघून जाते. रात्रपाळीला पुरेशी माणसे हवी असतील तर त्यांचे वेतन कोणी तरी दिले पाहिजे. ज्यांना झेपेल त्यांनी शुल्कातून द्यावे. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी शासनाने अनुदान द्यावे, आणि अनुदानाबरोबर अचानक तपासणीची व अहवाल प्रसिद्ध करण्याची अट घालावी.

तोवर परीक्षकाची भूमिका नातेवाइकांनाच करावी लागणार. भेटीचा वार आणि वेळ बदलत जावी. पेला कोणत्या हाताशी आहे ते पाहावे. घंटा दाबून घड्याळाकडे पाहावे. रात्री किती खाटांमागे किती माणसे असतात हे व्यवस्थापकांना नव्हे, आयाबाईंना विचारावे, आणि त्यांचे नावही विचारावे. संकोच बाजूस ठेवून पाठ आणि टाचा पाहाव्यात. मुख्य म्हणजे, आपल्या माणसाला एकांतात बोलू द्यावे.

मावशींची जखम भरून येण्यास तीन महिने लागले. त्या काळात आम्ही भाचरांनी वार वाटून घेतले. आम्ही कधीही येऊ शकतो हे कळल्यावर त्या कक्षात रात्री दुसऱ्या आयाबाई दिसू लागल्या. ज्यांना भाचरे नाहीत, त्यांच्यासाठी ही दुसरी आयाबाई कोण आणणार?