एअरबॅगचा इशारादर्शक दिवा

मोटारगाडीतील एअरबॅग यंत्रणेत दोष उत्पन्न झाल्याचे चालकास कळविणारा, दर्शकफलकावरील दिवा. टक्कर होताच फुगून डोके व छाती यांचे रक्षण करणारी एअरबॅग एरव्ही सुकाणू चक्रात, दर्शकफलकात किंवा आसनाच्या कडेस घडी करून ठेवलेली असते. ती एकदाच वापरता येत असल्याने चालवून पाहण्याची सोय नसते. म्हणून यंत्रणेने स्वतःची तपासणी करावी व तिचा निष्कर्ष दिव्याद्वारे सांगावा, अशी योजना केलेली असते. दिवा पेटलेला राहिल्यास अपघाताच्या वेळी एअरबॅग फुगेलच, अशी खात्री उरत नाही.

फुगणाऱ्या पिशवीच्या कल्पनेचे एक पेटंट अमेरिकेतील जॉन डब्ल्यू. हेट्रिक यांना १९५३ मध्ये मिळाले. अमेरिकेत १९९८ च्या प्रतिरूपांपासून प्रवासी मोटारगाड्यांत चालक व त्याच्या शेजारचा प्रवासी या दोघांसाठी एअरबॅग आवश्यक ठरली. भारतात १ जुलै २०१९ पासून चालकासाठी ती बंधनकारक झाली. त्यामुळे या दिव्याचा अर्थ समजणे ही सर्वसामान्य गाडीमालकाचीही गरज झाली आहे.

रचना व कार्य : यंत्रणेत आघात ओळखणारे संवेदक, इलेक्ट्रॉनीय नियंत्रक, प्रज्वलक व वायुजनित्र हे मुख्य भाग असतात. प्रज्वलकाचा रोध सामान्यतः सु. २ ओहम असतो. नियंत्रक त्यातून अत्यल्प विद्युत् प्रवाह पाठवून हा रोध वारंवार मोजतो. रोध वाढल्यास तार तुटली किंवा जोडणी सैल झाली आणि घटल्यास मंडल संक्षिप्त झाले, असे तो मानतो. दोषाचा संकेत स्मरणात साठवून तो दिवा पेटवितो. टकरीत बॅटरीची तार तुटली, तरी एअरबॅग फुगावी म्हणून नियंत्रकातील धारित्रात ऊर्जा राखून ठेवलेली असते.

दिव्याचे वर्तन : चावी चालू करताच दिवा काही सेकंद पेटून विझणे हे यंत्रणा ठीक असल्याचे लक्षण होय. तो सतत पेटलेला राहिल्यास किंवा गाडी चालत असताना पेटल्यास दोष असतो. खड्ड्यात किंवा सुकाणू फिरविताना क्षणभर पेटून विझणारा दिवा बहुधा सैल जोडणी सुचवितो. चावी चालू करूनही दिवा मुळीच न पेटणे हाही दोषच होय. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून पाहावे. कारण दोष लपविण्यासाठी दिवा काढून टाकलेला असू शकतो.

उपकरणाविना निदान : साठविलेले संकेत वाचण्यासाठी सामान्यतः संगणकीय उपकरण लागते. तथापि काही जुन्या गाड्यांत दिवा स्वतःच लुकलुकून संकेत देतो. फोर्डच्या १९९० च्या दशकातील अनेक गाड्यांत सुरुवातीच्या तपासणीनंतर दिवा दोन अंकी संकेत दाखवितो. मात्र एकाहून अधिक दोष असल्यास सर्वांत महत्त्वाचा तेवढाच दिसतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांत निदान-जोडणीतील टीसी व सीजी ही अग्रे तारेने जोडावी लागतात. मग दिवा एकसारखा जलद लुकलुकल्यास दोष नसतो. तीन वेळा लुकलुकून दीड सेकंद थांबून एकदा लुकलुकल्यास ३१ हा संकेत समजावा. संकेतांचे अर्थ व अग्रांच्या जागा प्रतिरूपानुसार बदलत असल्याने त्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका जवळ असणे आवश्यक असते. चुकीची अग्रे जोडल्यास नियंत्रक बिघडू शकतो.

निरीक्षणानेही पुष्कळ कळते. आसन पुढेमागे सरकविल्यावर दिवा पेटला, तर आसनाखालील, बहुधा पिवळ्या रंगाची, जोडणी सैल झाल्याचा संभव असतो. दिव्याबरोबरच भोंगा किंवा सुकाणूवरील बटणे बंद पडल्यास सुकाणूतील गुंडाळीदार पट्टी (क्लॉक स्प्रिंग) तुटल्याची शंका बळावते. कारण या सर्वांचा प्रवाह तिच्यातूनच जातो. बॅटरी क्षीण होणे, वितळतार जळणे व पावसाळ्यात गाडीच्या तळाशी पाणी शिरून जोडण्या गंजणे हीही दिवा पेटण्याची कारणे होत.

धोके व मर्यादा : एअरबॅगचा किंवा तिच्या प्रज्वलकाचा रोध रोधमापकाने कधीही मोजू नये, मापकाच्या प्रवाहाने ती फुगण्याचा धोका असल्याने उत्पादक तसे करण्यास मनाई करतात. जोडणीस हात लावण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीच्या ऋण अग्राची तार काढावी आणि धारित्र रिक्त होण्यासाठी पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. टोयोटाच्या पुस्तिकांत हा वेळ कमीत कमी ९० सेकंद असतो. एअरबॅग काही शतांश सेकंदांत फुगत असल्याने तिच्यासमोर वाकलेल्या माणसास गंभीर इजा होऊ शकते.

पुष्कळ नियंत्रकांत संकेत बॅटरी काढल्यानेही पुसला जात नाही. म्हणून दोष दूर झाल्यावरही दिवा पेटलेला राहू शकतो व तेथे उपकरण अपरिहार्य ठरते. एअरबॅगच्या जागी रोधक जोडून दिवा विझविण्याची युक्ती मात्र सर्वस्वी घातक होय : तीमुळे नियंत्रकाला एअरबॅग शाबूत असल्याचा भास होतो, प्रत्यक्षात प्रवासी असंरक्षित राहतो. दिवा विझविणे हे निदानाचे उद्दिष्ट नसून तो ज्या दोषाची सूचना देतो तो शोधणे, हे आहे. तो सापडत नाही तोवर एअरबॅग नाही असेच गृहीत धरावे व आसनपट्टा न चुकता बांधावा.