एसएमपीएसचा फॅन घरघर करतोय? स्क्रू खोलण्याआधी हे वाचा

कॉम्प्युटर चालू केला की मागून 'घर्रर्र' आवाज येतो, पाच-दहा मिनिटांत कमी होतो आणि आपण म्हणतो, "चला, झालं ठीक." आमच्या मालेगावात घरोघरी, फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत, फोटो स्टुडिओत हा आवाज मी ऐकलाय. ठीक काही झालेलं नसतं. फॅनच्या बेअरिंगमधलं तेल सुकत आलेलं असतं. थंड असताना ते घट्ट असतं, तापल्यावर पातळ होतं, म्हणून आवाज थोडा वेळ दबतो इतकंच.

आता हा फॅन एवढा महत्त्वाचा का? एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्ट वीज घेऊन कॉम्प्युटरला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी देणारा डबा. या बदलात काही वीज उष्णता होऊन वाया जाते. समजा त्याची कार्यक्षमता ८० टक्के आहे आणि कॉम्प्युटरला २०० वॅट लागतात. मग तो भिंतीतून २५० वॅट ओढतो आणि ५० वॅटची उष्णता डब्यातच राहते. २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्न डब्यात चालू ठेवून झाकण लावल्यासारखंच हे! ही उष्णता बाहेर काढायला तो एकच फॅन असतो. आतले कपॅसिटर तर उष्णतेला फार नाजूक. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे.

त्यात आमचं गाव यंत्रमागांचं. हवेत सुताचे बारीक तंतू असतात. ते जाळीवर बसतात, तेलकट धुळीत मिसळतात आणि चक्क नमदा तयार होतो. वर मे महिन्याचं ऊन.

मोबाईलने तपासा

आधी आवाज नक्की कुठून येतोय ते बघा, कारण प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डचा फॅनही असाच ओरडतो. वर्तमानपत्राची नळी करून एक टोक कानाला लावा, दुसरं प्रत्येक फॅनपासून थोडं लांब धरा. लगेच कळतं. मग टॉर्च लावून स्लो मोशनमध्ये जाळीतून फॅनचा व्हिडिओ काढा. अडखळत फिरतोय का, पाती डगमगतायत का, ते त्यात स्पष्ट दिसतं. मागच्या जाळीजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरा. हवा बाहेर येत असेल तर ती फडफडेल. आवाज रेकॉर्ड करून ठेवा, दुकानदाराला ऐकवायला बरा पडतो.

एक मात्र लक्षात ठेवा. काही महागड्या एसएमपीएसमध्ये कमी लोडवर फॅन मुद्दाम बंद राहतो. तो बिघाड नाही. पण साधा एसएमपीएस आहे, फॅन थांबलाय आणि पीसी अर्ध्या तासाने आपोआप बंद पडून थंड झाल्यावर परत चालू होतोय, तर त्याच दिवशी वापर थांबवा. एसएमपीएस जाताना कधीकधी मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कलाही घेऊन जातो. आवाज सुरू झाला तेव्हाच बॅकअप घेतलेला बरा.

जुगाड इथे नको

जुगाडात आमचा हात कोण धरणार! नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी सायकलवर कॅमेरा घेऊन इथे सिनेमे काढले. पण एसएमपीएसचं झाकण उघडून तेल सोडायचा जुगाड करू नका. २३० व्होल्ट एसीचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. पिन काढल्यावरही ते काही वेळ तिथेच असतात. हा झटका जीव घेऊ शकतो. जाळीतून स्क्रूड्रायव्हर किंवा तार घालणंही तितकंच वाईट. खोबरेल तेलाचा सल्ला देणारे भेटतात, त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला.

तुम्ही काय करू शकता? पिन काढून बाहेरची जाळी कोरड्या ब्रशने साफ करा. बाकी काम दुकानदाराचं. तो कपॅसिटर डिस्चार्ज करून त्याच मापाचा, १२ व्होल्टचा, स्टिकरवर तेवढेच अँपिअर असलेला फॅन बसवतो. हवेची दिशा पहिल्यासारखीच आहे ना, एवढं विचारून घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र खोलूच देऊ नका, थेट बदलून मागा.

फॅन बरेच दिवस बंदच असेल, तर माझं मत सरळ आहे: नवा एसएमपीएस घ्या. आतला माल भाजून निघालेला असतो. नवा घेताना डब्यावरच्या मोठ्या '४५०' आकड्यावर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १६ असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः त्यावरच चालतात.

कॅबिनेट जमिनीवर असेल तर दोन विटांवर उचलून ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. शेजारी लूम चालत असतील तर महिन्याला एकदा ब्रश फिरवा. बाकीच्यांनी दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि मार्च संपताना, ऊन चढायच्या आधी, एकदा.